शनिवार सोडून

तुमच्या ताटात आज काय वाढायचं हे ठरवायला तुमच्या घरी कधी सहा जणांची बैठक बसली आहे का? बसली नसेल तर तुमचं नशीब चांगलं आहे. एवढंच. त्यावरून तुम्ही इल्वापेक्षा शहाणे ठरत नाही.

इल्वासाठी अशी बैठक बसली होती. दूर उत्तरेकडच्या लान्स्क्रूना गावात, बंदरामागच्या पिवळ्या घरात, सत्याण्णव सालच्या ऑगस्टच्या शेवटी. घर नगरपालिकेचं. पाच तरुण माणसांच्या पाच खोल्या, मधे एक स्वयंपाकघर आणि पाळीपाळीने येणारे कर्मचारी. इल्वा एकवीस वर्षांची होती. सावकाश शिकणाऱ्या मुलांच्या शाळेतून ती आदल्या वर्षी जूनमध्ये बाहेर पडली, इतर पोरांसारखीच शाळा संपल्याची पांढरी टोपी घालून, गळ्यात फुलं घालून. त्याआधी दोनच महिने तिची आई सिग्ने वारली होती. जुलैत ती पिवळ्या घरात आली. शाळेत होती तोवर आठवड्यातून दोनदा पोहणं असायचं, रोज बसथांब्यापर्यंत चालणं असायचं, सुतारकामाच्या तासाला उभं राहणं असायचं. टोपी काढून कपाटावर ठेवली आणि हे सगळं एका दिवसात थांबलं. उरला सोफा. चौदा महिन्यांत तिचं वजन अकरा किलोंनी वाढलं.

म्हणून ही बैठक. टेबलाभोवती घरच्या प्रमुख गुनवोरबाई, नर्स, आहार सांगणारी एक बाई, नगरपालिकेची अधिकारीण, नवा वर्ग चालवणारा स्टेलान नावाचा तरुण, आणि सहावी आस्ता. आस्ता म्हणजे इल्वाची मावशी, आणि सिग्ने गेल्यापासून कायद्याने नेमलेली तिची प्रतिनिधी. सातवी इल्वा. तिला कुणी मोजलं नव्हतं.

आस्ताने आत आल्या आल्या टेबल बघितलं. मधोमध दालचिनीच्या बनची ताटली. ताटली नर्सकडून अधिकारीणबाईंकडे गेली, तिथून स्टेलानकडे, आणि इल्वापाशी आल्यावर जणू रस्त्यात खड्डा असावा तशी उडी मारून गुनवोरबाईंपुढे आली. इल्वाने ताटलीचा प्रवास पूर्ण बघितला.

"हिला का नाही?" आस्ताने विचारलं.

"तिची न्याहारी झालीय," गुनवोरबाई म्हणाल्या.

"तुमची राहिली होती वाटतं."

नर्स खोकली. आस्ताने बनला हात लावला नाही, आणि बैठक संपेपर्यंत प्रत्येकाच्या बोटांवरची साखर तेवढी बघत राहिली.

माणसाकडे असं बघायची तिला सवयच होती. तीस वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिथं पहिल्या दिवशी शिकवतात: आधी खिसा, मग पाणी. डॉक्टरांच्या कोटाच्या खिशातून तिने कात्र्या काढल्या होत्या, प्रेमपत्रं काढली होती, एकदा अर्धं खाल्लेलं सॉसेज. डाग बघून ती सांगायची, रात्रपाळीची कुठली बाई बसून रडलीय आणि कुठला डॉक्टर नको तिथं कॉफी पितोय. माणूस खोटं बोलतो, चादर बोलत नाही, असं ती म्हणायची. मैत्रिणी म्हणायच्या, आस्ता, तू देवाच्या झग्याचाही खिसा तपासशील. ती म्हणायची, तपासीन की, का नाही तपासायचा?

पण हा संशय धुलाईखान्यात जन्मलेला नव्हता. तो वेर्नेरच्या खिशातून आला होता.

वेर्नेर म्हणजे आस्ताचा थोरला भाऊ, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याला अक्षरं जमायची नाहीत. गायी मात्र त्याच्या हाकेला यायच्या. सोळाव्या वर्षी त्याला दक्षिणेकडच्या मोठ्या संस्थेत नेलं, त्याच्यासारख्यांना ठेवायचे तिथं. आई आणि आस्ता दोन महिन्यांतून एकदा आगगाडीने भेटायला जायच्या. आस्ता सात वर्षांची असताना एका भेटीत वेर्नेरने खिशातून मोठी, चिकट टॉफी काढून तिच्या हातावर ठेवली. रोज मिळते म्हणाला, दोन डझन. आईचे डोळे भरून आले. मोठी लढाई संपून तीन वर्षंच झाली होती, साखर अजून जपून वापरत होते, आणि इथं आपल्या पोराला रोज टॉफी. बघ किती मायेने ठेवलंय, असं आई परतीच्या गाडीत म्हणाली, आणि पुढच्या खेपेला तिने तिथल्या नर्ससाठी लोकरीचे मोजे विणून नेले.

आस्ताने ती टॉफी खाल्ली. गोड होती. पुढच्या भेटीची ती वाट बघायला लागली, भावासाठी की टॉफीसाठी हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी वेर्नेर हसताना तोंडावर हात ठेवायला लागला. बाविसाव्या वर्षी त्याच्या तोंडात एक दात उरला नव्हता, आणि थोड्याच काळात तो तिथंच वारला. ते प्रेम नव्हतं, प्रयोग होता, हे घरच्यांना पुढं वर्तमानपत्रातून कळलं. साखरेने दात किडतात का हे बघायचं होतं. किडतात, असं दिसलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आईलाही नाही. मग सरकारने सगळ्या देशाला सांगितलं, मुलांना गोड गोळ्या द्यायच्या तर आठवड्यातून एकदाच द्या, शनिवारी. तेव्हापासून सगळा देश शनिवारी कागदी पिशवी घेऊन दुकानात जातो, आणि पोरांचे दात मोत्यासारखे राहतात.

"ते दात माझ्या भावाच्या तोंडातून काढून तुमच्या तोंडात बसवलेत," आस्ता धुलाईखान्यात म्हणायची. ऐकणाऱ्या बायका माना हलवायच्या आणि शनिवार आला की पिशवी घेऊन दुकानात जायच्या.

आस्ताने शपथ घेतली होती. आपल्या घरात शनिवार पाळायचा नाही. आणि टॉफीला दारात पाऊल ठेवू द्यायचं नाही. बाकी काय हवं ते खा, हव्या त्या दिवशी खा. यावरून तिचं सिग्नेशी आयुष्यभर वाजलं. सिग्ने धाकटी, वेर्नेर तिला आठवतही नव्हता, ती सगळ्यांसारखा शनिवार पाळायची आणि इल्वालाही पाळायला लावायची. तू मेलेल्याचा राग जिवंतांना भरवतेस, असं सिग्ने एकदा म्हणाली होती. मग वर्षभर दोघी बोलल्या नाहीत.

आता बैठकीकडे वळू. स्टेलान जे सांगत होता ते वरवर सरळ होतं. वीस आठवड्यांचा वर्ग. चालणं, पोहणं, आपलं जेवण आपण शिजवणं, झोप, दात. शाळा सुटलेल्या अशा मुलांसाठीच. इल्वाला तो हवा होता, आणि त्याला कारण होतं. शहराबाहेर माय-ब्रित नावाची बाई लोकांची कुत्री दिवसभर सांभाळते. इल्वाला तिथं काम हवं होतं. कुत्र्यांचं नाव काढलं की ती दोन वाक्यं जास्त बोलायची. वसंतात तिला एक दिवस घेऊन बघितलं. समुद्राकाठच्या बांधावरून दीपगृहापर्यंत जायचं आणि परत यायचं, चार किलोमीटर, तीन कुत्री बरोबर. इल्वा अर्ध्यात बांधावर बसली, पट्टा सुटला आणि एक कुत्रं थेट चिखलात गेलं. माय-ब्रित रागावली नाही. म्हणाली, पुढच्या मार्चमध्ये ये, फेरी पुरी कर, जागा तुझी.

इल्वाला ती जागा हवी होती. सगळ्या गोष्टीत खरं एवढंच होतं, आणि टेबलावरच्या सहा जणांच्या कागदांत ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

स्टेलानने कागद आस्तापुढे सरकवला. वर्ग विद्यापीठाच्या संशोधनाचा भाग आहे म्हणाला. वजन, कंबर, रक्त. काहींचा गट आता, काहींचा नंतर.

गट हा शब्द आला आणि आस्ताचे कान उभे राहिले. वेर्नेरही एका गटात होता.

"रक्त कशाला?"

"साखर बघायला."

"काय बघायला?"

"साखर," स्टेलान परत म्हणाला. बिचाऱ्याला आपण कशावर पाय दिला ते कळलं नाही.

आस्ताने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. विचार करून सांगते म्हणाली. सप्टेंबरअखेरपर्यंत सही हवी, असं गुनवोरबाई दोनदा म्हणाल्या. तोवर इल्वा एक तयारीची वही लिहील, म्हणजे काढील. काय खाल्लं ते चित्रात. ज्यांना यायचंय ते सगळेच काढताहेत. आस्ता मनात म्हणाली, म्हणजे नोंदी सुरूच झाल्या, सही गेली चुलीत.

त्यानंतर ती पिवळ्या घरावर नजरच ठेवून राहिली. तशी ती जायचीच. सोमवारी, बुधवारी, गुरुवारी, रविवारी, हिरव्या सायकलवरून, पुढच्या टोपलीत इल्वासाठी पिशवी: रबरी गोळ्या, खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या, चॉकलेटचे तुकडे. टॉफी नाही. शनिवारी मुद्दाम जायची नाही. आता पिशवी देता देता ती कचऱ्याची बादली उघडून बघायला लागली, आणि ओट्यावरचं पुसायचं फडकं नाकाशी न्यायला लागली. मागच्या खोलीत कर्मचाऱ्यांचं एक कपाट होतं, त्याला कुलूप. कुलपाला दालचिनीचा वास येत होता.

"मावशी, तू कुत्र्यासारखी हुंगतेस," इल्वा एकदा म्हणाली. तिच्या तोंडी ही स्तुती होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इल्वाची दातांची तपासणी होती. आस्ता बरोबर गेली. डॉक्टरीणबाईंनी आरसा फिरवला, फिरवला, आणि मग नर्सला आकडे सांगायला लागल्या. सहा दात किडले होते. गेल्या उन्हाळ्यात एकही नव्हता. वर्षभर जवळजवळ रोज गोड खाणं चालू आहे, त्या म्हणाल्या, अधूनमधून खाल्ल्याचं हे काम नाही.

आस्ताने मनात हिशेब केला. वर्षभर. म्हणजे पिवळ्या घरात आल्यापासून. कुलूपबंद कपाट, बनची ताटली, वही, गट, रक्त, सगळे धागे तिच्या डोक्यात एका गाठीत बसले. पन्नास वर्षांनी तेच, फक्त या खेपेला भिंतीला पिवळा रंग. इल्वा खुर्चीत तोंड उघडून पडली होती आणि आस्ताला तिच्या जागी दुसराच जबडा दिसत होता.

त्या दिवशी गुरुवार होता. पिशवी टोपलीतच होती. इल्वाला बसने पाठवून आस्ता सायकलवरून निघाली. साखरेच्या बिटाच्या गाड्या साखर कारखान्याकडे निघाल्या होत्या, रस्त्यावर चिखलाचे गोळे पडले होते, आणि ती त्यातून वळणं न घेता सरळ गेली.

गुनवोरबाई स्वयंपाकघरात होत्या, स्टेलानही होता. आस्ताने कोट काढला नाही. कपाट उघडा म्हणाली. गुनवोरबाईंनी का म्हणून विचारलं. आस्ताने सहा दात सांगितले, वर्ष सांगितलं, आणि तुम्ही या पोरांना काय चारताय आणि कुणासाठी मोजताय ते मला आत्ता दाखवा म्हणाली. मग वेर्नेरचं सांगितलं, उभ्या उभ्या, मोज्यांसकट. इतक्या सलग तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

गुनवोरबाईंनी गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडलं. आत कॉफी, बनचा डबा, मार्मलेड, बिस्किटं.

"हे आमचं आहे," त्या म्हणाल्या. "पोरांना यातलं काही देत नाही."

"तेच तर. पोरांसमोर खाता आणि किल्ली गळ्यात घालता. घर त्यांचं आहे की तुमचं?"

गुनवोरबाईंनी किल्ली मुठीत धरली. पण दात यातून किडलेले नाहीत, एवढं त्या ठामपणे म्हणाल्या. स्टेलान म्हणाला, वही बघा ना. आस्ताला तेच हवं होतं. तुमच्याच वहीत तुम्हाला पकडते, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

तेवढ्यात इल्वा बसने आली. वही मागितल्यावर खोलीत जाऊन घेऊन आली, आणि टेबलावर ठेवायच्या आधी हाताने पुसली.

एका दिवसाला एक पान. लापशीची वाटी, लिव्हरची चटणी लावलेला कडक पाव, मासा, बटाटे. आस्ता बोट ठेवून ठेवून बघत होती. सोमवारच्या पानावर खालच्या कोपऱ्यात रंगीत ठिपक्यांचा ढीग, आणि शेजारी एक हिरवी सायकल. मंगळवारी सायकल नाही, ठिपके नाहीत. बुधवारी सायकल, ठिपके. गुरुवारी सायकल, ठिपके. शनिवारचं पान स्वच्छ. रविवारी सायकल, आणि ठिपके इतके की ते पानाबाहेर गेलेले. चार आठवडे असंच.

आस्ताच्या मनात पहिल्यांदा आलं की हे हिच्याकडून काढून घेतलंय. खोटी वही. तिने चित्र डोळ्यांजवळ नेलं. सायकलच्या टोपलीची एक बाजू वाकडी होती. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून ती वाकली होती, आणि मागच्या चाकाला साखळीवरचं झाकण नव्हतं, चित्रातही नव्हतं. अशी सायकल दुसऱ्याला सांगून काढून घेता येत नाही.

"ही तुझी," इल्वाने समजावून सांगितलं. मावशीला कळलं नसावं असं तिला वाटलं. "आणि या तुझ्या गोळ्या."

आस्ता खुर्चीवर बसली. कोट अंगातच होता. स्टेलान खिडकीबाहेर बघायला लागला, त्याबद्दल ती पुढं त्याला थोडी मानायला लागली.

मग तिने विचारलं, "तुला नको होत्या, तर सांगायचं नाही का?"

इल्वाने विचार केला. ती नेहमी करते, लोक थांबत नाहीत एवढंच.

"तू पिशवी घेऊन येतेस," ती म्हणाली. "पिशवी नको म्हटलं तर तू कशाला येशील?"

धुलाईखान्यात तीस वर्षं आस्ताने दुसऱ्यांचे खिसे उलटे केले. स्वतःच्या टोपलीत तिने कधी हात घातला नव्हता. टॉफी नाही ना, मग झालं, एवढ्यावर ती निर्दोष होती. जे वेर्नेरला दिलं ते तिने टाळलं, आणि ज्याने वेर्नेरचे दात गेले ते तिने आठवड्यातून चारदा आणून दिलं, तेही मायेने. तिला आई आठवली, विणलेले मोजे हातात घेऊन गाडीत बसलेली.

माफी वगैरे तिला मागता येत नाही, तिने मागितलीही नाही. पर्समधून कागद काढून टेबलावर उलगडला आणि एकदम गुनवोरबाईंवरच घसरली. कारण दातांचा गुन्हा तिचा असला तरी कागदाचा नव्हता.

"इथं प्रतिनिधीची सही, इथं प्रमुखांची सही. हिची कुठंय?"

"अशा कागदावर ती..." गुनवोरबाई सुरू झाल्या आणि थांबल्या.

"पेन घ्या. हिच्या सहीसाठी रेघ मारा."

गुनवोरबाईंनी रेघ मारली. मग आस्ताने स्टेलानला सगळा कागद वाचायला लावला, एकेक वाक्य, सोप्या शब्दांत, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायला लावलं. तासभर लागला. इल्वाने चालणं हो म्हटलं. पोहणं हो. शिजवणं हो, पण मासा दुसऱ्याने साफ करायचा. रक्त कुठं जातं ते तिने विचारलं, आणि उत्तर ऐकून नाही म्हणाली. त्याने तुझा वर्ग अडणार नाही, असं स्टेलान म्हणाला, आणि आस्ताने त्याच्याकडून ते लिहून घेतलं. वजन म्हटल्यावर इल्वा गुनवोरबाईंकडे बघत राहिली.

"तू पण," ती म्हणाली.

"मी पण काय?"

"काट्यावर."

स्टेलानला हसू आवरेना. गुनवोरबाई लाल झाल्या, पण दर महिन्याला त्या इल्वाआधी काट्यावर उभ्या राहिल्या, बूट काढून. कपाटाची किल्लीही गळ्यातून खिळ्यावर आली. बन आता असले तर सगळ्यांना असतात, नसले तर कुणालाच नसतात. हे सोपं झालं असं समजू नका. पहिल्या आठवड्यात दोन कर्मचारी बंदरावर जाऊन बन खाऊन आले. आस्ताला ते त्यांनी हात पुसलेल्या फडक्याच्या वासावरून कळलं.

त्या गुरुवारची पिशवी तिने परत नेली. रविवारी ती आली तेव्हा टोपली रिकामी होती आणि ती दारातच घुटमळली, पाहुणीसारखी. इल्वाने आधी टोपली बघितली, मग तिला बघितलं.

"आलीस?"

"आले. चल, बूट घाल."

दोघी बांधावरून निघाल्या. खाडीवरून वारा समोरून येत होता. इल्वा चार वेळा बसली. आस्ता तिसऱ्यांदा तिच्याआधीच बसली, तीस वर्षं वाफेत उभं राहून तिच्या छातीचा भाता झाला होता. दीपगृह दिसलं, तिथवर पोचल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी इल्वा तीन वेळा बसली. नाताळात दोनदा. आस्ताचा संशय काही सुटला नाही, स्टेलानच्या वहीत ती अजून तिरप्या नजरेने बघते आणि विद्यापीठाच्या प्रत्येक पत्राला उलट पत्र लिहिते. फक्त निघायच्या आधी आता आपला कोटही चाचपते. आधी खिसा.

मार्चमध्ये माय-ब्रितकडे फेरी झाली. इल्वा एकदा थांबली, बसली नाही, तिन्ही पट्टे मनगटाला गुंडाळून वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि मग दीपगृहाला हात लावून आली. जागा तिला मिळाली. मावशी बांधाच्या टोकाला उभी होती. कुणी विचारलं असतं तर डोळ्यांत वारा गेला म्हणाली असती.

तुमच्या ओळखीतही एखादी इल्वा असेल, यंदा शाळेतून बाहेर पडलेली. तिच्या घरी जाल तेव्हा हातात खाऊ असो की सहीचा कागद, तो दाराबाहेर क्षणभर स्वतःच तपासा. मग तिच्यासमोर ठेवून विचारा, तुला हवंय का? आणि कृपा करून तिचं उत्तर येईपर्यंत थांबा.